‘खोली भांड्याने देणे आहे’ : पाट्यांवरच्या चुका येतात कुठून?

‘खोली भांड्याने देणे आहे’ ही पाटी वाचली की हसू येतं. घोडबंदर रोडवर, कोपरखैरण्यात, जिथे भाडेकरू सतत बदलतात तिथे अशा चिठ्ठ्या खांबाखांबांवर चिकटवलेल्या असतात. एक टिंब जास्त पडलं आणि खोली भाड्याऐवजी भांड्यांच्या बदल्यात मिळू लागली. हसून झालं की आपण निकाल देऊन मोकळे होतो : लिहिणाऱ्याला मराठी येत नाही. हा निकाल मला पटत नाही. ठाणे आणि नवी मुंबईतल्या पाट्या जरा लक्ष देऊन वाचल्या तर दिसतं की चुका हजार प्रकारच्या नाहीत. त्याच त्या पुन्हा पुन्हा होतात आणि प्रत्येकीला उगम असतो. कधी कान फसलेला असतो, कधी डोळा, कधी संगणकातला फॉन्ट, तर कधी एखादं मराठी नाव इंग्रजीची वारी करून परत आलेलं असतं. उगम कळला की चूक कुठे दुरुस्त करायची तेही कळतं.

सुरुवात वेलांटीपासून करू, कारण सगळ्यात जास्त बळी तिचे. मराठी बोलताना इकार-उकार लांब आहे की आखूड, यावर शब्दाचा अर्थ क्वचितच अवलंबून असतो. ‘पूर्व’ म्हणा की ‘पुर्व’, रिक्षावाला तुम्हाला ठाणे पूर्वेच्या कोपरीतच नेऊन सोडणार. कान मदत करत नाही, म्हणून हात नियमावर चालवावा लागतो. आज आपण वापरतो ते लेखनाचे नियम मराठी साहित्य महामंडळाने केले. १९६२मध्ये चौदा नियम आले, १९७२मध्ये आणखी चार, असे एकूण अठरा. राज्य शासनाने तेच स्वीकारले.

यातला एक नियम समजला तर निम्म्या पाट्या तपासता येतात. शब्दाच्या शेवटी येणारे इकार-उकार मराठीत दीर्घ लिहायचे : गती, भूमी, गुरू. पण हे संस्कृतातून आलेले शब्द समासात पुढे उभे राहिले की त्यांचं मूळचं ऱ्हस्व रूप परत येतं. म्हणून ‘गती’ दीर्घ, पण ‘गतिरोधक’ ऱ्हस्व. ‘भूमी’ दीर्घ, पण ‘भूमिपूजन’ ऱ्हस्व. नव्या गृहसंकुलाच्या कमानीवर ‘भूमीपूजन’ दिसतं ते यामुळेच. लिहिणाऱ्याला ‘भूमी’ बरोबर माहीत आहे, त्याने तीच पुढे जोडली. दुसरी जोडी पोलिसांची. ‘पोलीस’ मध्ये वेलांटी दुसरी, पण शब्दाला प्रत्यय लागला की ती पहिली होते : पोलिसांना, वकिलांना, गरिबांना. ‘वाहतूक’ असते, ‘वाहतुकीस’ अडथळा होतो. ‘पोलीसांना कळवा’ ही पाटी इतक्या ठिकाणी आहे की डोळ्याला आता तीच बरोबर वाटते.

बहुतेक वेळा अशा चुकीने अर्थ बिघडत नाही. काही वेळा मात्र चांगलाच बिघडतो. ‘दिन’ म्हणजे दिवस, ‘दीन’ म्हणजे केविलवाणा. १ मे रोजी चौकात ‘महाराष्ट्र दीन’ आणि २७ फेब्रुवारीला ‘मराठी भाषा गौरव दीन’ असे बॅनर लागतात तेव्हा ते वाचून मला खरोखर वाईट वाटतं, कारण लावणाऱ्यांनी ते मनापासून, स्वतःचे पैसे घालून लावलेले असतात.

याउलट काही ‘चुका’ चुका नसतातच. ‘कुत्र्यापासून सावध रहा’ असं लिहिलं की कुणीतरी सांगतं, ‘राहा’ हवं. नियम म्हणतो, आज्ञा देताना ‘राहा’ आणि ‘रहा’ दोन्ही चालतील. जुन्या पाटीवर ‘नांव’ किंवा ‘पांच’ असं टिंब दिसलं तर तेही त्या काळी बरोबर होतं. ती टिंबं १९६२च्या नियमांनी काढली. फोनवरच्या किंवा फलकावरच्या ‘ल’ आणि ‘श’ यांचं वळण शाळेत शिकलो त्यापेक्षा वेगळं दिसतं, तीही लिहिणाऱ्याची चूक नाही. फॉन्ट हिंदी वळणाचा असतो. पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हे मराठीचं प्रमाण वळण, तसा शासन निर्णय २००९मध्ये निघाला आहे, पण फॉन्ट बनवणाऱ्या सगळ्यांपर्यंत तो पोचलेला नाही.

डोळा फसण्याचे प्रकार कमी, पण चिवट. ‘द्ध’ हे जोडाक्षर बघा. यात ‘द’ आधी आणि ‘ध’ नंतर, पण ‘ध’ त्याच्या पोटाखाली असा लटकतो की आधी कोण ते समजत नाही. त्यातून ‘शुध्द पाणी’, ‘प्रसिध्द वडापाव’ आणि ‘भावपूर्ण श्रध्दांजली’ जन्माला येतात. ‘रु’ आणि ‘रू’ यांत तर एवढीशी गाठ वेगळी. म्हणून ‘रुग्णालय’ सर्रास ‘रूग्णालय’ होतं. आणि ‘आर्शीवाद’! रफार हवा ‘वा’ वर, पण शेजारच्या ‘शी’ ची वेलांटी तिथपर्यंत झुकलेली असते. हाताने लिहिलेल्या कागदावर रफार किंचित डावीकडे सरकला की बघणाऱ्याला तो ‘शी’ वरचा वाटतो. तपासायचं असेल तर शब्द तोडून मोठ्याने म्हणा : आ-शीर्-वाद. ‘र्’ ज्या अक्षराच्या आधी ऐकू येतो, रफार त्या अक्षराच्या डोक्यावर.

कळवा की कलवा

माझा जीव सगळ्यात जास्त अडकतो तो गावांच्या नावांत. रोमन लिपीत सव्वीस अक्षरं. त्यात ‘ळ’ नाही, ‘ण’ आणि ‘न’ वेगळे नाहीत, ‘ठ’ आणि ‘थ’ यांना एकच जोडी पुरवावी लागते, आणि ‘अ’ व ‘आ’ दोघांनाही बहुधा एकच अक्षर. मराठी नाव इंग्रजीत लिहिलं की हे भेद पुसले जातात. तेवढ्याने बिघडत नाही, कारण इथला माणूस इंग्रजीतही ते बरोबर वाचतो. बिघडतं ते परतीच्या प्रवासात. कंपनीचं मुख्य कार्यालय दुसऱ्या राज्यात असतं, शाखांची यादी इंग्रजीत असते, आणि ती यादी एखादा माणूस किंवा एखादं सॉफ्टवेअर पुन्हा देवनागरीत उतरवतं. पुसलेला भेद त्याला कुठून दिसणार?

मग कळव्याचं ‘कलवा’ होतं. घणसोलीचं ‘घनसोली’, ऐरोलीचं ‘एरोली’, रबाळ्याचं ‘राबले’, नेरूळचं ‘नेरुल’. पाचपाखाडीत राहणाऱ्याला आपला पत्ता ‘पंचपाखडी’ असा वाचावा लागतो. वाघबीळचं ‘वाघबिल’ होतं, म्हणजे वाघाच्या बिळाऐवजी त्याच्या नावाने फाडलेली पावती. तीन हात नाक्याच्या ‘हात’ ला हिंदीतून ‘हाथ’ मिळतो. मासुंदा तलावाची तलावपाळी ‘तलावपाली’ होते, आणि ज्याला ठाणं माहीत नाही त्याला भिंतीवरच्या पाली आठवतात.

हिंदीच्या नेहमीच्या वापरात ‘ळ’ नाही. त्यामुळे पाटी रंगवणारा, फ्लेक्स टाइप करणारा किंवा सॉफ्टवेअर शिकवण्यासाठी वापरलेला मजकूर हिंदीचा असेल तर ‘ळ’ पहिला गळतो. मराठीत मात्र तो गळला की शब्दच बदलतो. ‘दवाखान्याची वेल’ सकाळी दहा ते एक असते. पावसाळ्याआधी नाल्यातला ‘गाल’ काढण्याचं काम चालू होतं. हीच गत ‘ॲ’ ची. हिंदीत ‘बैंक’ आणि ‘स्नैक्स’ हे बरोबर आहेत, तिथे तीच पद्धत. मराठीत बँक आणि स्नॅक्स. एखाद्या एटीएमवर ‘बैंक’ दिसलं तर समजावं की हिंदी पाटीच मराठी म्हणून लावली आहे.

अलीकडे असे फलक वाढले त्याला एक सरळ कारण आहे. दुकाने व आस्थापनांसाठीच्या २०१७च्या राज्य कायद्यात मार्च २०२२मध्ये दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी फलक बंधनकारक झाला. मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालणार नाहीत हेही त्यात आलं. प्रकरण न्यायालयात गेलं आणि २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. मुदत आली की घाई येते. निर्णय मला शंभर टक्के योग्य वाटतो, पण त्या घाईत अनेकांनी फलकाचं मराठी केलं ते फक्त लिपीपुरतं. इंग्रजी नाव यंत्रात टाकलं, देवनागरीत जे आलं ते चढवलं. कायदा अक्षराचा आकार मोजायला सांगतो, त्यातली वेलांटी तपासायला कुणाला सांगत नाही.

गावांच्या नावांबद्दल मी हट्टी आहे, कारण ती नावं फलकापेक्षा खूप जुनी आहेत. १७ मार्च १९७०ला सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, स्थापन झाली आणि नवं शहर आखायला सुरुवात झाली. घणसोली, नेरूळ, ऐरोली, तुर्भे ही आगरी-कोळ्यांची गावं त्याआधीपासून तिथे नांदत होती. जमीन गेली, मिठागरं गेली, गावाच्या चारी बाजूंना सेक्टर उभे राहिले. नाव तेवढं त्यांच्याजवळ राहिलं आहे. ते तरी नीट लिहायला हवं.

दुकानात नेमकं काय होतं

नौपाड्यातल्या एका फ्लेक्सच्या दुकानात गणपतीच्या आधीच्या दिवसांत पाहिलेली गोष्ट सांगते. मंडळाचे काका मोबाईल घेऊन उभे. मॅटर व्हॉट्सॲपवर आलेलं, मोबाईलवर सगळं जागच्या जागी. ऑपरेटरने ते कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये पेस्ट केलं आणि स्क्रीनवर उमटलं : ‘भाविकांना नम्र वनिंती’. खाली ‘स्‌वच्‌छता’, सगळी जोडाक्षरं सुटी आणि पाय मोडलेली.

“दादा, माझ्या मोबाईलवर तर बरोबर आहे.”

“मोबाईलवर बरोबरच आहे, काका. इथे टाकलं की असं होतं. थांबा, हाताने मारतो.”

आणि हाताने मारताना ‘महाप्रसाद’ आणि ‘विनंती’ नीट आले, पण ‘आशीर्वाद’ चा रफार सरकला.

असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. संगणक अक्षरं आकड्यांच्या रूपात साठवतो. युनिकोड या जागतिक पद्धतीत देवनागरीला १२८ जागांचा स्वतःचा पट्टा आहे, आणि त्यात अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात. ‘वि’ म्हणताना आधी ‘व’, मग ‘इ’. म्हणून साठवतानाही आधी ‘व’, मग पहिली वेलांटी. कागदावर मात्र ही वेलांटी ‘व’ च्या आधी, डावीकडे काढतात. म्हणजे पडद्यावर दाखवताना सॉफ्टवेअरने तिला उचलून मागे न्यायला हवं. तसंच ‘स्’ आणि ‘व’ यांना एकत्र करून ‘स्व’ चा आकार घडवायला हवा, आणि रफाराचा ‘र्’ उचलून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर ठेवायला हवा. ही उचलठेव ज्या सॉफ्टवेअरला जमते त्यात मराठी नीट दिसतं. डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांना ती जमत नाही. तिथे वेलांटी ‘व’ नंतर जिथे साठवली तिथेच उभी राहते आणि शेजारच्या ‘नं’ ला चिकटल्यासारखी दिसते. ‘विनंती’ ची ‘वनिंती’ होते ती अशी.

मग दुकानं अजून नवीन आवृत्ती का घेत नाहीत? खर्च हे एक कारण, पण मोठं कारण फॉन्ट. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची. मराठी छपाईचा संसार मात्र पुढे कितीतरी वर्षं दुसऱ्याच प्रकारच्या फॉन्टवर चालला : श्रीलिपी, कृतिदेव आणि त्यांची भावंडं. या फॉन्टमध्ये संगणकाला वाटतं आपण इंग्रजी अक्षरं साठवतोय; फक्त इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकार रंगवलेला असतो. वेलांटी आधी हवी तर टाइपही आधी करायची, रफार अक्षरानंतर द्यायचा. जसं दिसतं तसं मारायचं, त्यामुळे उचलठेवीची गरजच नाही आणि कुठल्याही जुन्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षर सुबक येतं. बॅनरला लागणारे जाडजूड, वळणदार, सणासुदीचे शेकडो फॉन्ट याच घराण्यातले, आणि ऑपरेटरची बोटंही त्याच कळांवर बसलेली. ग्राहकाचं मॅटर एका पद्धतीचं, दुकानाचे फॉन्ट दुसऱ्या पद्धतीचे. मधे एक कन्व्हर्टर असतो, आणि त्याच्या हातून नेहमीची अक्षरं पार पडली तरी दुर्मिळ जोडाक्षरं निसटतात. जुन्या फॉन्टची फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली आणि तिथे तो फॉन्टच नसला तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन काला दिसतो, त्याचंही मूळ हेच.

सगळ्यात नाजूक प्रकरण ‘ऱ्य’ चं. ‘आचारी’ ची ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्य’ ची ‘आचार्यांना’ ही दोन वेगळी माणसं. हॉटेलच्या दारावर ‘आचार्यांची गरज आहे’ असं लागतं तेव्हा मालकाला पोळी-भाजी करणारा हवा असतो. हा अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात खाली टिंब असलेला खास ‘ऱ’ वापरतात. दुसऱ्यात साधा ‘र’, त्याचा पाय मोडून, त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. न दिसणारी गोष्ट कॉपी-पेस्टमध्ये गळली तर कुणाच्या लक्षात येणार? ते गळलं की अक्षराचा आकार बदलतो आणि रफार तयार होतो. सोसायटीच्या डब्यावरची ‘ओल्या कचर्यासाठी’ आणि जिन्याजवळची ‘दुसर्या मजल्यावर’ ही पाटी लिहिणाऱ्याने बहुतेक वेळा बरोबरच लिहिलेली असते. ‘ॲ’ ची कहाणी अशीच. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८मध्ये मिळाली, म्हणून जुन्या व्यवस्थेत ‘ॲम्ब्युलन्स’ चा चंद्र अजूनही ‘अ’ पासून सुटून एका तुटक वर्तुळावर लटकलेला दिसतो.

पेंटर हाताने पाट्या रंगवायचे तेव्हा चुका वेगळ्या असायच्या. जागा संपत आली की शेवटची अक्षरं दाटीवाटीने बसवली जायची, एखादी मात्रा राहून जायची. आता पत्र्यातून किंवा ॲक्रिलिकमधून कापलेल्या अक्षरांत शीर्षरेषेने सगळा शब्द एकसंध निघतो, पण अनुस्वाराचं टिंब सुटं निघतं आणि सुटंच चिकटवावं लागतं. दोन पावसाळे झाले की ते पडतं. ‘दंत’ चा ‘दत’ होतो. ती भाषेची नाही, गोंदाची चूक आहे.

शब्द बरोबर, वाक्य चुकलेलं

शुद्धलेखन पक्कं असूनही पाटी फसू शकते. मॉलमध्ये किंवा रुग्णालयात पिवळ्या तिवईवर ‘ओला मजला’ लिहिलेलं असतं. ‘फ्लोअर’ या इंग्रजी शब्दाचे मराठीत दोन अर्थ होतात, फरशी आणि मजला; यंत्राने चुकीचा उचलला. ‘फरशी ओली आहे’ एवढं पुरे होतं. ‘मोफत ज्येष्ठ नागरिक नेत्रतपासणी शिबिर’ यात तपासणी मोफत आहे, पण वाक्यात ज्येष्ठ नागरिक मोफत झाले. विशेषण ज्याचं आहे त्याला चिकटून ठेवलं की काम भागतं : ज्येष्ठ नागरिकांसाठी मोफत नेत्रतपासणी. ‘महिलां साठी’, ‘प्रभागा तील’ अशी तुटलेली रूपंही खूप. हिंदीत असे शब्द सुटे लिहितात, मराठीत प्रत्यय शब्दालाच जोडायचा असतो.

एक गोष्ट मात्र सूचना लिहिणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. इंग्रजीत मनाई पहिल्या शब्दात येते, मराठीत शेवटच्या. ‘येथे कचरा टाकू नये’ यातला सगळा जीव ‘नये’ मध्ये. तोच शब्द दुसऱ्या ओळीवर एकटा पडतो, लहान होतो, खालच्या कडेला गंजतो किंवा समोर लावलेल्या स्कूटरच्या मागे जातो. उरतं ते ‘येथे कचरा टाकू’, आणि ढीग तर समोर असतोच. ‘टाकू’ आणि ‘नये’ यांच्यामध्ये ओळ तोडू नये, आणि पाटीत सगळ्यात मोठं अक्षर त्या नकाराचं असावं.

फ्लेक्स छापायला जाण्याआधी ऑपरेटर फाइल ‘कर्व्ह’ करतो, म्हणजे अक्षरांचं रूपांतर चित्रात होतं. त्यामुळे छापणाऱ्याकडे तो फॉन्ट नसला तरी चालतं, पण त्यानंतर एक वेलांटीही टाइप करून बदलता येत नाही. म्हणून प्रूफ वाचायचं ते कर्व्हच्या आधी, आणि मोबाईलवरचं मूळ मॅटर न वाचता दुकानाच्या स्क्रीनवर जे दिसतंय ते वाचायचं. मॅटरसोबत त्याचा स्क्रीनशॉटही द्यावा, म्हणजे पेस्ट करताना काय निसटलं ते ऑपरेटरला ताडून बघता येतं. गावांची नावं इंग्रजी पत्त्यावरून घेऊ नयेत. गावातल्या जुन्या शाळेच्या किंवा देवळाच्या फलकावरून घ्यावीत. फलक लागून गेला असेल तरी चुकलेल्या अक्षराएवढी विनाइलची पट्टी चिकटवता येते, नवा फ्लेक्स लागत नाही. सार्वजनिक फलक असेल तर ठाण्यात प्रभाग समितीकडे आणि नवी मुंबईत विभाग कार्यालयात लेखी कळवावं. सोबत फलकाचा फोटो जोडावा, तो कुठल्या चौकात आहे ते लिहावं आणि बरोबर ओळ स्वच्छ अक्षरात कागदावर लिहून द्यावी.